जोडीच्या हिशोबात हरवलेली बाई : बीडच्या ऊसतोड मजूर स्त्रियांचं प्रकरण

जून २०१९ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी माहिती दिली, की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत मागच्या तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली. त्याआधी काही आठवडे वर्तमानपत्रांतून हा विषय गाजत होता. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांकडे खुलासा मागितला होता. मग सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या निमित्ताने ८२,३०९ ऊसतोड मजूर स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा जणींमागे जवळजवळ एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण २.६ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, वयोगटही नेमके जुळत नाहीत. तेवढी सूट दिली तरी हे अंतर कशानेही झाकलं जात नाही.

बहुतेकांनी या प्रकरणाकडे डॉक्टरांचा गैरव्यवहार म्हणून पाहिलं. काहींनी बायकांच्या अडाणीपणावर बोट ठेवलं. दिल्ली-मुंबईच्या आणि परदेशी माध्यमांना त्यातलं एकच वाक्य भावलं : कामासाठी बायका गर्भाशय काढून टाकतात. तिन्हींत थोडंथोडं तथ्य आहे, पण तिन्ही सांगणारे शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीच थांबतात. ती बाई त्या टेबलापर्यंत कशी पोचली याचा माग काढत मागे गेलं, तर आपण दवाखान्यातून फडात, म्हणजे ऊसतोडणी चाललेल्या शेतात जातो आणि फडातून मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत. मला वाटतं, या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या वहीत आहे.

वही

ऊसतोडीत मजूर माणशी मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम पावसाळ्यातच गावात फिरायला लागतो. पेरणी झालेली असते, घरात दाणा-पैसा नसतो, मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात. अशा वेळी तो उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम वाटतो. जोडीला पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. उचल घेतो पुरुष. वहीत नाव त्याचं, सही किंवा अंगठा त्याचा, पैसे त्याच्या हातात. फेड मात्र दोघांच्या अंगमेहनतीतून. दिवाळी झाली की टोळी निघते. पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकात. मार्च-एप्रिलला गाळप संपलं की परत. उचल फिटली नसेल तर ती पुढच्या हंगामावर चढते.

कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी असतो. त्यामुळे कारखान्याला सहज म्हणता येतं, की हे मजूर आमचे नाहीत. मुकादमाच्या दृष्टीने मजूर म्हणजे जोडी. आणि जोडीत बाई आहे, पण तिची नोंद नाही. साखरेच्या एवढ्या मोठ्या उद्योगातल्या तोडणीच्या कामाचा मोठा हिस्सा बायका उचलतात, तरी मजूर म्हणून त्यांचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

आता पैशांचं बघू. जानेवारी २०२४ मध्ये कारखाने आणि मजूर संघटना यांच्यात दर ठरवणाऱ्या लवादात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. पहाटेपासून दोघं राबली आणि दोन टन ऊस तोडला, तर सातशे-साडेसातशे रुपये होतात. ही रक्कम दोघांची आहे. तिची निम्मी रक्कम वेगळी काढून कुणी तिच्या हातावर ठेवत नाही, कारण वहीत ‘तिची’ असा रकानाच नाही.

आणि मग खाडा. कामावर न आल्याचा दंड. बऱ्याच टोळ्यांत तो दिवसाला पाचशे रुपये असतो. जोडीतलं एक माणूस बसलं तरी जोडीचा खाडा पडतो, कारण तोडायला एक, आणि सोलायला, मोळी बांधायला, वाहायला दुसरं लागतंच. पाळीच्या दिवसांत बाईने महिन्यातले तीन दिवस विश्रांती घ्यायची म्हटली तर सहा महिन्यांच्या हंगामात अठरा खाडे होतात. नऊ हजार रुपये. शिवाय त्या दिवसांत न झालेली तोड वेगळी. कंबरेतून कळ आली, अंगावरून जास्त गेलं, ताप भरला, तरी हाच हिशोब. म्हणून बाई बसत नाही.

स्त्रीवादी चळवळीत १९७२ पासून इटलीत आणि नंतर इंग्लंड-अमेरिकेत ‘घरकामाला वेतन द्या’ अशी मोहीम चालली. तिचा मुद्दा असा होता, की कामगार रोज सकाळी कारखान्यात ताजातवाना पोचतो तो घरातल्या बाईच्या बिनपगारी कामामुळे. भांडवलाला हे काम फुकट मिळतं. बीडच्या बाईला हा मुद्दा निम्माच लागू पडतो. कोपीतली, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतली चूल, पाणी, पोरं हे बिनपगारी काम तिच्याकडे आहेच. पण त्यापुढे, फडात बाजारासाठी केलेलं काम, ज्याचा टनावर दर ठरलेला आहे आणि ज्याची साखर होऊन देशोदेशी जाते, त्याचा मोबदलाही तिच्या नावावर पडत नाही. नोकरी करायला लागली की बाई मोकळी होते, ही आपली लाडकी समजूत या वहीपुढे टिकत नाही.

फड

पहाटे तीन-साडेतीनला ती उठते. चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, पाणी भरायचं, लहानग्याला कडेला घेऊन किंवा थोरल्या पोरीवर सोपवून फडात जायचं. बुडखा धरून वाकून ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा छाटायचा, दहा-पंधरा ऊस वाढ्याने आवळून मोळी बांधायची. तीस-चाळीस किलोची ओली मोळी डोक्यावर घ्यायची आणि तिरक्या टाकलेल्या अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. पाय घसरला तर माणूस मोळीसकट खाली. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. गाडी भरून झाली की पुन्हा चूल.

राहायला कोपी. बांबूच्या कमानीवर ताडपत्री किंवा चटई, आत वाकूनच शिरता येतं. मोरी नाही, संडास नाही. पाणी कालव्याचं किंवा कुणाच्या तरी बोअरचं, तेही मालकाने चालू केला तर. अंघोळ उजाडायच्या आत, लुगड्याच्या आडोशाने. पाळीचा कपडा धुवायला पाणी पुरत नाही आणि वाळत घालायला उन्हातली जागा नसते, म्हणून तो कोपीतच दुसऱ्या कपड्यांखाली दमट राहतो आणि तोच पुन्हा वापरावा लागतो. दिवसभर फडात लघवीला जायचं तर पुरुषांच्या नजरेआड व्हायला उसाच्या सरीत शिरावं लागतं. म्हणून बायका पाणीच कमी पितात. लघवीच्या जागेचा, मग योनिमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. गर्भारपणातही मोळी डोक्यावरून उतरत नाही आणि बाळंतपणानंतर महिना-पंधरा दिवसांत ती पुन्हा चढते. अंग बाहेर येण्याचा त्रास यातूनच सुरू होतो.

संध्याकाळी फडातून परतताना, गाडीवर, पाणवठ्यावर होणाऱ्या छेडछाडीबद्दल बायका आपापसात बोलतात, बाहेर बोलत नाहीत. तक्रार करायची कुणाकडे? मुकादमाच्या उचलीखाली नवरा दबलेला आहे, गाव अनोळखी आहे, पोलीस ठाणं दूर आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने असंघटित स्त्रियांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असायला हवी. ती समिती फडापर्यंत पोचायची असेल तर निदान फड कुठे पडला आहे हे तिला माहीत हवं.

दवाखाना

हंगामात दवाखाना परवडत नाही. एक दिवस गेला की खाडा, आणि ज्या गावात मुक्काम आहे तिथल्या आशाताईच्या यादीत हिचं नाव नसतं. ती बीडच्या गावातली लाभार्थी, इथली कुणीच नाही. म्हणून दुखणं अंगावर काढून गावी परतेपर्यंत थांबायचं. तोवर चार-सहा महिने गेलेले असतात. गावाकडच्या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ मिळाले तर मिळाले. बीड शहरात मात्र खासगी दवाखान्यांची रांग आहे.

तिथे सोनोग्राफी होते. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झालीय’, ‘काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’. या वाक्यांचा पाढा बीडच्या बायकांनी पत्रकारांना, कार्यकर्त्यांना, समितीला, सगळ्यांना एकाच चालीत सांगितला आहे. पांढरं जाणं हे कॅन्सरचं लक्षण म्हणून सांगितलं गेलं तर मरणाच्या भीतीने कुणीही सही करेल. बहुतेक जंतुसंसर्ग गोळ्या-औषधांनी बरे होतात. काही प्रकारांत नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर संसर्ग पुन्हा उलटतो. अतिरक्तस्रावावर गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबीसारखी साधनं आहेत. कर्करोगाची शंका असेल तर गर्भाशयमुखाची साधी तपासणी आहे. गर्भाशय काढणं हा या सगळ्या पायऱ्यांनंतरचा उपाय. पण पायऱ्या चढायच्या तर पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि या बाईकडे दिवाळीआधीचे मोजके महिने असतात. नवऱ्याला दवाखान्यात बोलावून औषध घ्यायला लावायचं तर त्याने यायला हवं. एकाच फेरीत कायमचा निकाल लावणारी शस्त्रक्रिया तिलाही सोयीची वाटते आणि डॉक्टरलाही.

इथे एक वाक्य सतत येतं : मुलं झाली, आता पिशवीचा काय उपयोग? बीडमध्ये मुलींची लग्नं लवकर होतात. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या २०-२४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के होतं. याच्या मागेही वही आहे. मुलाचं लग्न झालं की घरात एक पूर्ण कोयता वाढतो, उचल वाढते. आईबाप सहा महिने बाहेर असताना वयात आलेल्या पोरीला गावी एकटं ठेवायची भीतीही असते. अठराच्या आत लग्न, विशीत दोन-तीन बाळंतपणं, पंचविशीच्या आत नसबंदी, आणि तिशीत ‘उपयोग संपलेली’ पिशवी. बाईच्या देहाकडे पोरं देणारं आणि ओझं वाहणारं यंत्र म्हणून पाहिलं की हा क्रम अगदी तर्कशुद्ध दिसतो. पहिलं काम संपलं, ते दुसऱ्याच्या आड येऊ लागलं, काढून टाका.

बीडला सोनोग्राफी नवी नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या बीडमध्ये ८०७ होती, राज्यात सगळ्यात कमी. जन्माला येण्याआधी मुलीला नाकारणारं आणि तिशीतल्या बाईचं गर्भाशय नाकारणारं वैद्यकीय दुकान एकाच बाजारपेठेत वाढलं. पहिल्या गुन्ह्यासाठी किमान कायदा तरी आहे. दुसऱ्यावर रुग्णाची संमती घेतलेली असते, त्यामुळे तो गुन्हाही दिसत नाही.

शस्त्रक्रियेनंतर त्रास संपतो असं नाही. बीजकोशही काढले असतील तर रजोनिवृत्ती एकदम येते. ठेवले असले तरी ती लवकर येण्याचा धोका असतो. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, कंबर-पाठ धरणं. आणि हे शरीर घेऊन पुन्हा मोळी. शस्त्रक्रियेचे तीस-पस्तीस हजार रुपये आणायचे कुठून? मुकादमाकडून, पुढच्या हंगामाच्या उचलीतून. म्हणजे त्रासातून सुटायला केलेला खर्चच तिला पुढच्या वर्षीच्या फडाशी बांधून टाकतो.

तिने स्वतः ठरवलं?

डॉक्टरांच्या बाजूने एक युक्तिवाद होतो, की बायका स्वतःच येऊन ‘काढून टाका’ म्हणतात. आम्ही नाही काढली तर दुसरीकडे जातात. हे खरं आहे. मी त्याला खोटं म्हणणार नाही, आणि त्या बायकांना भोळ्या-भाबड्या ठरवणंही मला मान्य नाही. ज्या बाईने अठरा खाड्यांचा हिशोब तोंडपाठ ठेवला आहे ती अडाणी नाही. तिच्यापुढे जे पर्याय ठेवलेत त्यांतला सगळ्यात कमी तोट्याचा तिने निवडला.

उदारमतवादी चौकटीत संमतिपत्रावर सही झाली की प्रश्न मिटतो. १९९४ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका गटाने ‘प्रजननविषयक न्याय’ ही मांडणी केली ती याच चौकटीवर नाराज होऊन. त्यांचं म्हणणं होतं, की निवडीचं स्वातंत्र्य ज्यांच्याकडे पैसा, दवाखाना, सुरक्षित वस्ती आहे त्यांच्यापुरतं असतं. बाकीच्यांना आधी ती परिस्थिती मिळायला हवी, मग निवड. बीडच्या बाईला संडास, पाणी, विश्रांतीचा दिवस आणि वेळेवर गोळ्या मिळाल्या असत्या आणि तरीही तिने गर्भाशय काढायचं ठरवलं असतं, तर त्या निर्णयाला स्वतंत्र म्हणता आलं असतं.

म्हणून ‘कामासाठी गर्भाशय काढतात’ हे मथळ्याचं वाक्यही मला अपुरं वाटतं. त्यात दुखणं गाळलं जातं. कामाने आणि घाणीने दुखणं जडतं, खाड्यामुळे उपचार लांबतो, बाजारातला दवाखाना भीती घालतो, आणि नसबंदी झालेली असल्यामुळे घरचं कुणी हरकत घेत नाही. चार वेगवेगळ्या हातांनी केलेलं हे काम आहे, आणि चारही हात आपापल्या जागी निर्दोष दिसतात.

पाळीच्या रजेची चर्चा गेल्या काही वर्षांत आपल्याकडे चांगलीच रंगली. बिहार सरकारने आपल्या कर्मचारी स्त्रियांना अशी दोन दिवसांची रजा १९९२ पासून दिली आहे. कार्यालयांतल्या स्त्रियांसाठी ती मागणी मी रास्त मानते. पण त्या चर्चेत पाळीच्या दिवसांत पाचशे रुपये दंड भरणारी बाई क्वचितच येते, आणि इथेच ‘स्त्रिया’ असा सरसकट शब्द वापरणं पुरत नाही.

उतरंड

१९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी आणि १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या वेगळ्या भूमिकेवर जे लिहिलं, त्याने मराठी स्त्रीवादी वर्तुळात मोठी खळबळ झाली होती. सवर्ण मध्यमवर्गीय बाईच्या अनुभवाला सगळ्या बायकांचा अनुभव मानू नका, जात-वर्ग-लिंगभाव एकत्र वाचा, हा त्याचा गाभा. बीडचं प्रकरण तसं वाचल्याशिवाय उलगडत नाही.

१९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकाराने पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सावकारापासून सोडवलं, शिक्षणसंस्था दिल्या, राजकारणात ताकद दिली. ही कमाई खरी आहे. पण कालव्याचं पाणी जिकडे गेलं तिकडे ऊस गेला, आणि जिथे पाणी नव्हतं तिथून तो तोडायला माणसं आली. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणीसारख्या तालुक्यांतून. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढत गेला. ऊस आणि कारखाना प्रामुख्याने मराठा बागायतदारांच्या हातात. तोडणारे मुख्यतः वंजारी, बंजारा, दलित, आणि अलीकडे कोरडवाहू मराठा कुटुंबंही. मुकादम बहुतेकदा मजुरांच्याच जातीचा, त्यांच्याच गावचा. त्यामुळे पिळवणूक नात्यागोत्याच्या भाषेत होते. उचल देतो तो उपकारकर्ता ठरतो.

आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं : प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी, त्यामुळे वरच्याविरुद्ध एकजूट होत नाही. फडातली उतरंड तशीच आहे. तोडणारा पुरुष स्वतः पिळला जातो, कर्जात असतो, त्याचीही पाठ मोडलेली असते. तरीही उचल त्याच्या हातात येते, दारूवर किती आणि घरावर किती हे तो ठरवतो, आणि त्याच्याखाली एक माणूस आहे जिच्या श्रमावर त्याचा हक्क समाजाने मान्य केला आहे. बाकी, वरच्या पायरीवरच्या बाईचं फार बरं चाललंय असंही नाही. शेतकरी संघटनेला लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवावी लागली ती बागायतदाराच्या बायकोचंही नाव सातबाऱ्यावर नव्हतं म्हणून. दोघींना कागदावर जागा नाही हे साम्य खरं. पण एकीचं नाव नसताना तिच्या घरात ऊस उभा आहे, आणि दुसरी तो डोक्यावरून वाहते आहे.

सगळ्यात खालच्या पायरीवर एकटी बाई. विधवा, टाकलेली, किंवा नवरा आजारी असलेली. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला उचल निम्मी, आणि बाईच्या अर्ध्या कोयत्याला ती देताना मुकादम दहादा विचार करतो. मग तिला भाऊ, दीर, वयात आलेला मुलगा अशा कुणाशी तरी जोडी लावावी लागते. नवरा नसलेली बाई मजूर म्हणून अर्धी ठरते, हे या धंद्यात इतकं रोजचं आहे की त्यावर कुणी आश्चर्यही करत नाही.

उपाय कुठे लागले, कुठे नाही

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयाला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेणं बंधनकारक झालं. २०२२ मध्ये केंद्राने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये केलेल्या जनहित याचिकेचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये या सूचना तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या हालअपेष्टांची स्वतःहून दखल घेतली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली.

परवानगीच्या नियमाने काही शस्त्रक्रिया नक्की थांबल्या असतील आणि ते मोलाचं आहे. पण २०२५ मध्ये जिल्ह्याच्या आरोग्य विभागाच्या नोंदींवरून जे बाहेर आलं त्यात हंगामाला गेलेल्या ८४३ स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं होतं, त्यांतल्या ४७७ तीस ते पस्तीस वयाच्या. १,५२३ गर्भवती स्त्रिया फडावर गेल्या होत्या. तपासणी आता होते, नोंद होते, ही सुधारणाच. पण सहा महिन्यांची गर्भार बाई यादीत नोंदवून पुन्हा ट्रकमध्ये बसते. सगळे उपाय वैद्यकीय टोकाला लागले. उचल, जोडी, खाडा यांना कुणी हात लावला नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून या स्त्रियांना महिन्यातल्या चार दिवसांची मजुरी द्यावी असं सुचवलं होतं. सूचना चांगल्या हेतूची होती, पण पैसे सरकारने द्यायचे होते. साखर ज्यांची, त्यांच्यावर जबाबदारी का नाही? मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना आंबेडकरांनी हाच प्रश्न सोडवला होता : मोठा भार सरकारने उचलावा, पण स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणारा मालकही त्यातून सुटत नाही. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला पहिला. त्याच प्रदेशात त्यानंतर नव्वदहून जास्त वर्षांनी मोळी वाहणाऱ्या गर्भवतीला एक दिवसही भरपगारी रजा मिळत नाही, कारण तिला कामावर कुणी ठेवलंय हेच कागदावर नाही.

२०२४ च्या लवादाच्या टेबलावर पंकजा मुंडे होत्या, म्हणजे या मजुरांची बाजू मांडायला एक स्त्री होती. तरी चर्चा टनाच्या दरावर आणि मुकादमाच्या कमिशनवर येऊन थांबली. दरवाढ हवीच. पण वाढलेला दरही जोडीच्याच खात्यावर पडतो.

जोडीचा हिशोब फोडा म्हटलं की कारखानदार आणि मुकादम एकच हरकत घेतात : कुणी किती तोडलं, कुणी किती मोळ्या बांधल्या, हे वेगळं मोजणार कसं? मोजायची गरजच नाही. याच बीडच्या बायकांनी १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडली, नालाबंडिंग केलं. रोजगार हमीवर कामाचं माप गटाने घेतलं जातं, तरी हजेरीपटावर प्रत्येकीचं नाव स्वतंत्र असतं आणि मजुरी माणशी वाटली जाते. महाराष्ट्राने हे १९७७ च्या कायद्यात बसवलं आणि पुढे ते देशाच्या कायद्यात गेलं. सरकारी खडीवर जमतं ते उसाच्या फडात का जमू नये? गटाचं टनेज वजनकाट्यावर येतंच. ते माणसांनी भागायचं आणि बाईच्या वाट्याचे पैसे तिच्या बँक खात्यावर टाकायचे. उचल द्यायची तर दोघांच्या सहीने, दोन नावांवर. खाडा कायद्याने बंद करायचा; उचल देऊन माणूस बांधून ठेवणं आणि वर दंड लावणं हे १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याच्या अंगणातलं प्रकरण आहे. पाणी, संडास आणि फिरता दवाखाना हे गाळप परवान्याच्या अटींत घालायचं, म्हणजे ते कारखान्याच्या मर्जीवर राहणार नाही.

नाव नोंदवलं म्हणून नवऱ्याची सत्ता एका दिवसात जाणार नाही. खात्यावर आलेले पैसेही तो काढून घेईल, असं कार्यकर्त्या सांगतात आणि त्यांना ते जवळून माहीत आहे. तरीही नाव असलेल्या बाईला अपघाताची भरपाई मागता येते, प्रसूतीचा लाभ मागता येतो, छेडछाडीची तक्रार कामाच्या ठिकाणची म्हणून नोंदवता येते, आणि एकटी असली तर अर्धी ठरवून हाकलता येत नाही.

हे आत्ताच व्हायला हवं, याला आणखी एक कारण आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान जाहीर केलं आणि दरवर्षी काही फड यंत्राखाली जात आहेत. यंत्राच्या केबिनमध्ये पुरुष चालक बसतो, यंत्राची मालकीही पुरुषाची. कोयते कमी होतील तसं मुकादम आपली वही मिटून दुसऱ्या धंद्याला लागेल. पर्यायी रोजगार, पुनर्वसन, निवृत्तिवेतन यांची मागणी उभी राहील तेव्हा सरकार विचारेल, किती वर्षं काम केलंत त्याचा पुरावा दाखवा. त्या वेळी वीस-पंचवीस हंगाम मोळी वाहिलेल्या बाईजवळ शस्त्रक्रियेच्या कागदाशिवाय दुसरा कागद असायला हवा. येत्या हंगामाच्या उचलीपासून तिची नोंद सुरू केली तरच तो असेल.